धुरात शिरणारी मुलगी

८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आमचे फोन हॉस्टेलच्या ऑफिसात कुलपात आणि तुझे कान कायमच्या रजेवर, तेव्हा पत्राशिवाय आपली सुटका नाही. बाबांना हे वाचून दाखव, पण एवढंच: मी मजेत आहे. उंच शिडी चढते, पाण्याची नळी खांद्यावर टाकून मैदानाला फेऱ्या मारते, अग्निशमन दलाचा गणवेश मला शोभतो. झालं. त्यांच्यासाठी इथे थांब.

आता तुझ्यासाठी.

काल धुराची खोली होती. खोली कसली, बिनखिडक्यांचं सिमेंटचं खुराडं. आत बोळ, वळणं, एक अर्धवट जिना. ओला पेंढा जाळून त्यात धूर कोंडतात. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर मास्क, आणि रांगत आत जाऊन तिथला रबरी पुतळा ओढून बाहेर आणायचा. स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. ऐकू येतो तो फक्त आपला श्वास, भाता ओढल्यासारखा.

दुसऱ्या वळणावर मला वाटलं, हवा संपली. संपली नव्हती. मला वाटलं. आणि मी मास्क उपटला. आत्या, लहान मुलांना रस्ता ओलांडायला शिकवतात तसं इथे पहिल्या दिवशी शिकवतात की धुरात मास्क काढायचा नाही. मग काय, पुतळ्याऐवजी मलाच पायाला धरून बाहेर ओढलं. मी गवतावर ओकत होते आणि मागून कुणीतरी म्हणालं, "डांबर आहे ती, धूर आत गेला की पेटायचीच." बॅचमध्ये मी एकटी मुलगी, आणि सगळ्यांत काळी. माझं नाव आता डांबर. ट्रेनिंगचे साहेबसुद्धा हसू दाबतात.

तुझं पहिलं पुस्तक मी इथे बरोबर आणलंय. तळघरातली मुलगी. डाव्या पानावर ती काळोख्या दारात उभी आहे, पान उलटलं की कुत्र्याचं पिल्लू कडेवर घेऊन बाहेर. मध्ये काय झालं, आत्या? आत तिने काय केलं? सात वर्षांची होते तेव्हा विचारायचं सुचलं नाही. आता विचारते.

तुझी,
भिंगरी

१७ फेब्रुवारी

माझ्या भिंगरे,

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग चहा केला, मग चित्रांची वही काढली. म्हणजे मी ठणठणीत आहे हे तुला कळलंच.

अगं, एकदा मास्क काढलास म्हणून काय आभाळ कोसळलं? पहिल्या झटक्यात जमलं असतं तर तुझ्यावर पुस्तक कुणी काढलं असतं? हो, पुस्तक! तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, पण माझ्या पोटात काही राहत नाही. माझ्या प्रकाशिका बाईंशी बोलणं झालं. हट्टी मुलींच्या मालेतलं पुढचं पुस्तक तुझं. ‘धुरात शिरणारी मुलगी.’ मुखपृष्ठावर तू, हेल्मेट घातलेली, आणि चेहऱ्याचा रंग अगदी तुझा. हा रंग करायला मला अजूनही तीन रंग मिसळावे लागतात. दुकानात तो मिळत नाही.

तुला आठवतं का, शाळेतून तू खडूंची पेटी घेऊन आली होतीस? त्यात एका गुलाबी खडूवर छापलं होतं, ‘अंगाचा रंग’. तू तो हातावर घासून पाहिलास आणि विचारलंस, "मग माझं हे काय आहे? अंग नाही?" तुझा बाप गॅरेजमधून आला होता, अंगाने तुझ्यासारखाच काळा आणि हाताने त्या दिवशी निळा, कारण कुणाच्या तरी गाडीला निळा स्प्रे मारून आला होता. त्याने खडू खिडकीतून फेकला आणि मला म्हणाला, "तू चित्रं काढतेस ना? मग काढ की हिचं." माझं आयुष्य त्या वाक्यावर चाललंय.

त्या डांबरवाल्यांना हसू दे. हट्टी मुली मागे फिरत नाहीत, एवढं लक्षात ठेव. दुसऱ्या खेपेला जाशील आणि पुतळा खांद्यावर टाकून येशील. गणवेशातला एक फोटो पाठव, हेल्मेटचा पट्टा मला नीट काढता येत नाहीये.

दादाला तुझा परिच्छेद वाचून दाखवला. फार खूश. त्याला जरा खोकला आहे, आणि त्याचा फोन दुरुस्तीला दिलाय, म्हणून लागणार नाही. काळजी करू नकोस.

तुझी,
आत्या

९ मार्च

आत्या,

पुस्तक काढू नकोस. हात जोडते.

तुझं तळघराचं पुस्तक कुणीतरी माझ्या पेटीतून काढलं. जेवणाच्या हॉलमध्ये एकाने टेबलावर चढून वाचलं, बारीक बायकी आवाज काढून. "ती घाबरली नाही. तिने पाऊल पुढे टाकलं." प्रत्येक ‘घाबरली नाही’ला सगळे मास्क उपटल्याची नक्कल करत होते. ताटं बडवत होते. मी उठले नाही. पुढ्यातलं अन्न संपवलं. चव कसली ते विचारू नकोस. नंतर पुस्तक परत मिळालं, तळघरातल्या मुलीच्या चेहऱ्यावर खरकटी बोटं पुसलेली.

तू म्हणतेस मागे फिरायचं नाही. बरं. पण तुझ्या पुस्तकात मुलगी बाराव्या पानावर पडते आणि विसाव्या पानावर टाळ्या. मी किती दिवस बाराव्याच पानावर आहे ते तुला कोण सांगणार? मी पान नाही, आत्या.

फोटो नाही. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली असतो, कानाच्या मागून येतो, एवढ्यावर भागव.

हॉस्टेलात पत्रं गहाळ होतात. यापुढे समोरच्या लाँड्रीच्या पत्त्यावर लिही, पत्ता मागे दिलाय. लाँड्रीवाल्या काकू भल्या आहेत, माझ्यापर्यंत पोचवतील. बाकी सगळं चालू आहे. बाबांना सांग, मजेत आहे.

भिंगरी

२० मार्च

भिंगरे,

त्या टेबलावर चढणाऱ्याचं थोबाड मला एकदा दाखव. चित्र काढते त्याचं, आणि त्याच्या आजीला पाठवते.

तुझा राग कळतो. पण पुस्तक थांबवणं माझ्या हातात राहिलं नाही गं, निम्मी चित्रं प्रकाशिका बाईंकडे गेलीसुद्धा. त्यांना फार आवडली. आणि मागच्या आठवड्यात एका शाळेत मी ती मुलांना दाखवली. एक पोरगी, एवढीशी, तव्याच्या बुडासारखी काळीभोर, पुढच्या रांगेत बसली होती. सगळे गेल्यावर ती आली आणि चित्रातल्या तुझ्या गालावर बोट ठेवून उभी राहिली. नुसतं बोट. सांग, तिच्यासमोर मी कुठल्या तोंडाने म्हणू की ही मुलगी काही पुढे गेली नाही?

तेव्हा दात घट्ट आवळून उभी राहा. तू इतकं चालू ठेवलंयस, आता थोडंच उरलंय.

मी सध्या दादाच्या घरी राहायला आले आहे. माझ्याकडे भिंतींचं रंगकाम काढलंय, वासाने डोकं दुखतं. दादाला तेवढीच सोबत. आम्ही दोघं म्हातारी भांडतो, पत्ते खेळतो. तो लबाडी करतो. तुझी पत्रं रोज मागतो, मी वाचून दाखवते. कॉलर ताठ करून ऐकतो.

तुझी,
आत्या

२ एप्रिल

आत्या,

तुझ्याकडे रंगकाम? गेल्या वर्षीच तर झालं. मी आणि बाबांनी केलं, तू शिडी धरली होतीस.

तुम्ही दोघं काय लपवताय?

बाबांच्या हातची एक ओळ पाठव. ‘मी बरा आहे’ एवढंच चालेल. त्यांचं अक्षर कोंबडीचे पाय, पण मला ओळखता येतं. फोन अजून दुरुस्तीलाच? गाडीचं इंजिन बांधून होतं एवढ्यात.

आणि आता विचारलंच आहे तर माझंही ऐक. मला झोप येत नाही. डोळे मिटले की ते वळण येतं. अंथरुणावर उठून बसते आणि तोंडावर हात फिरवून बघते, मास्क आहे की नाही. उशी तोंडाजवळ आली तरी गुदमरते. दिवसा हात कामाला लावते, तेवढा वेळ बरं असतं. शिंकाळ्यातल्या मांजरासारखी झालेय, खाली उतरता येत नाही आणि वर खायला काही नाही.

कधीकधी वाटतं, बस पकडावी आणि घरी यावं. बाबांच्या खोलीत जमिनीवर पसरावं. मग तुझी ती पोरगी आठवते, गालावर बोट ठेवणारी, आणि मी स्टँडवरून परत फिरते. खरंच गेले होते स्टँडवर. दोनदा.

तू एकदा ‘ये’ म्हणालीस तर येईन. पण तू म्हणणार नाहीस. तुझ्या मुली मागे फिरत नाहीत.

भिंगरी

१० एप्रिल

माझ्या बाळा,

ये.

हा शब्द आधी लिहिला, कारण खालचं सगळं लिहिताना माझा हात थांबेल, आणि मग मी पुन्हा काहीतरी गोड लिहून पाकीट बंद करेन. माझा भरवसा नाही.

दादाला खोकला नाही. त्याची फुप्फुसं गेली आहेत. डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्यापुढे धरून मला दाखवले: गॅरेजातला रंग वर्षानुवर्षं आत जाऊन बसला आहे. तू ट्रेनिंगला गेल्यावर लगेचच निदान झालं. आता पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र असतं आणि नाकात नळी. संडासापर्यंत जायचं तर भिंत धरून, मध्ये खुर्चीवर टेकून. त्याने मला शपथ घातली होती, "पोरीला कळवायचं नाही, ती सगळं टाकून पळत येईल." मलाही ते पटलं. मोठी कथालेखिका ना मी! माझ्या मुलीने अर्ध्यातून परत यावं हे माझ्या गोष्टीत बसत नव्हतं.

त्याचा फोन उशाशीच आहे. फक्त त्याचा आवाज तुला ऐकवायचा नव्हता.

आणि तुझी पत्रं. एकच परिच्छेद वाचायचा होता ना? मी बाकीची पत्रंही वाचली, मनाने रचून. तू पुतळा बाहेर काढलास, साहेबांनी पाठ थोपटली, बॅच तुला ताई म्हणते. रोज नवीन. त्याच्याकडे आवाज नाही आणि माझ्याकडे कान नाहीत, म्हणून आम्ही एकमेकांच्या ओठांकडे बघत बसतो. काल तुझं पत्र आलं, आणि मी सुरू केलं, "बाबा, काल आम्हाला मोठ्या गाडीवर..."

त्याने हात वर केला. "थांब."

"काय रे?"

"तुझे डोळे हलत नाहीत." एका वाक्याला त्याला दोन श्वास लागतात. "वाचताना माणसाचे डोळे हलतात. तुझे कागदावर एकाच जागी असतात. कधीपासून बघतोय."

मी कागदाची घडी घातली.

"पोरीचं पत्र वाच. तुझं पुस्तक नको."

मग मी वाचलं. पहिल्यापासून सगळी. डांबर, मास्क, ताटं, मांजर, बसस्टँड. मध्येच त्याने डोळे मिटले, मला वाटलं झोपला. झोपला नव्हता. शेवटी म्हणाला, "घाबरली ना धुराला? शहाणी आहे."

मी म्हटलं, "दादा, ती मोडून पडलीय."

"माझं ऐक. गॅरेजात मालकाने मास्क आणून दिले होते. खोकंभर. आम्ही लावले नाहीत. लावणाऱ्याला ‘बाई’ म्हणायचो. मी कधी घाबरलो नाही, सगळ्यांना सांगायचो. आता बघ." त्याने नळीवर टिचकी मारली. "घाबरलो असतो तर पोरीला फोन करण्याइतका श्वास उरला असता."

मग बराच वेळ नुसता श्वास. आणि मग, "तिला बोलाव. धावत ये म्हणाव. नोकरी, ट्रेनिंग, काय असेल ते जाऊ दे खड्ड्यात. मला तिला बघायचंय."

कोंबडीचे पाय हवे होते ना तुला? सोबतच्या चिठ्ठीवर आहेत. ‘ये’ एवढंच लिहिलंय, आणि तेवढ्याने दमला. डॉक्टरीणबाई म्हणतात, दिवस मोजू नका. म्हणजे काय ते मला कळतं.

ये गं. काहीही न जिंकता ये.

आत्या

१४ एप्रिल

आत्या,

चिठ्ठी मिळाली. लगेच फोन केला. फोन थरथरलेला बघून तूच उचललास, "कोण? कोण बोलतंय? मोठ्याने बोला," म्हणालीस आणि ठेवून दिलास. पुन्हा केला, पुन्हा तेच. मी लाँड्रीत उभी राहून ओरडत होते, "आत्या, मी! बाबांच्या कानाला लाव!" गिऱ्हाइकं बघत राहिली.

बस उद्या सकाळची आहे, आजची भरली. हे पत्र माझ्या आधी पोचेल की नंतर, देव जाणे, पण हात स्वस्थ बसत नाहीत.

आत्या, मी ट्रेनिंगमध्ये नाहीच. मार्चच्या सुरुवातीला दुसऱ्यांदा धुराच्या खोलीत गेले, दारातूनच मागे फिरले. साहेब म्हणाले, "घरी जा, पुढच्या बॅचला हवं तर परत ये." हॉस्टेल सोडावं लागलं. घरी कशी येणार होते? तिकडे तू माझ्या चेहऱ्याचे तीन रंग मिसळत बसलेली. मग काकूंच्या लाँड्रीत इस्त्रीला राहिले. माळ्यावर झोपते. इतके दिवस दवाखान्याच्या चादरींना इस्त्री करत बसले आहे, आत्या, दुसऱ्यांच्या आजारी माणसांच्या चादरींना, आणि तिकडे माझा बाप भिंत धरून संडासाला जात होता. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. रोज मोकळी होते. कुठल्याही दिवशी येऊ शकत होते.

तू मला सांगितलं नाहीस कारण माझं ट्रेनिंग मोडेल. मी तुला सांगितलं नाही कारण तुझं पुस्तक मोडेल. आणि मधल्या मध्ये बाबा.

त्यांना सांग निघालेय. त्यांच्या ओठांजवळ नको, कानाजवळ जाऊन सांग. श्वास घेत राहा म्हणाव. बाकी काही नको, नुसता श्वास.

भिंगरी

३० जून

भिंगरे,

तू नव्या बॅचला परत गेल्याला महिना होत आला आणि तुझं एकही पत्र नाही. रागावलेली नाहीयेस, हे मला माहीत आहे. मीही कागद काढून ठेवत होते आणि तसाच परत आत टाकत होते. दादा गेल्यापासून मला वाक्यंच सुचत नाहीत. त्याची खोली आवरली नाही. यंत्र दवाखान्याचे लोक येऊन घेऊन गेले, तेव्हा कळलं ते केवढा आवाज करत होतं. मला बहिरीलासुद्धा शांतता जाणवली.

तू जमिनीवर चटई टाकून त्याच्या पलंगाशेजारी हात वर करून झोपायचीस आणि तो वरून हात खाली सोडायचा. दोघांची बोटं एकमेकांत. ते चित्र मी काढलेलं नाही. काढणारही नाही. ते तुमचं.

शेवटच्या आठवड्यात त्याच्या कानात तू काय सांगत होतीस आणि तो का हसत होता, तेही मला कळलं नाही. विचारणार नाही.

पुस्तकाचं सांगते. मी सगळी चित्रं परत मागवली. आता मधल्या पानांवर मुलगी धुरातून धावत बाहेर येते, मास्क फेकते, पायरीवर बसून रडते. दोन अख्खी पानं नुसतं रडणं. प्रकाशिका बाई म्हणाल्या, "अहो, मुलांना हरलेली मुलगी नको असते, त्यातून सावळी मुलगी हरलेली दाखवली तर लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "गोरी मुलगी पुस्तकात सर्दी झाली म्हणूनसुद्धा रडते, बाई. आमच्या मुलींना रडायला पर्वत चढून यावं लागतं का?" त्या विचार करते म्हणाल्या. छापतील, न छापतील. मी रंग बदलणार नाही आणि रडणंही.

कच्ची पानं घेऊन त्याच शाळेत गेले. ती गालावर बोट ठेवणारी या वेळी रडण्याच्या पानापाशी आली. मला वाटलं, नाराज होईल. पानावर हात फिरवत राहिली आणि म्हणाली, "हिचं नाक माझ्यासारखं गळतंय." मग विचारलं, "परत आत गेली का ही?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"तुम्हीच लिहिलंय ना?"

"लिहिलंय मी. पण आत जायचं की नाही ते तिचं."

तिला काही हे पटलं नाही. पण पोरगी जागेवर जाऊन बसली.

मी तुला तो प्रश्न विचारत नाहीये, नीट वाच. गेलीस की नाही, जमलं की नाही, काही लिहू नकोस. एवढंच लिही: जेवतेस का? झोप लागते का? दोन शब्द पुरे.

आत्या

१२ जुलै

आत्या,

जेवते. झोप तुटक लागते.

या बॅचला मी आणखी दोघींबरोबर आहे. डांबर हे नाव माझ्या आधीच इथे पोचलं होतं. पहिल्याच दिवशी साहेबांसमोर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, मला धुराची भीती वाटते. साहेब म्हणाले, "बरं. मग सिलिंडरचा काटा तूच सगळ्यांचा तपासायचास, घाबरणारा माणूस नीट तपासतो." त्यांनी टोमणा मारला की काम दिलं, अजून कळलेलं नाही. मी तपासते. रोज.

काल खोली होती. आत गेले. फार आत नाही. भिंतीला पाठ लावून बसले आणि मास्कच्या आत रडले. काच आतून ओली झाली, होतं नव्हतं तेही दिसेना. मास्क काढला नाही. श्वास मोजला नाही, नुसता घेतला, जसे बाबा घ्यायचे तसा, एका शब्दाला एक. मग रांगत निघाले. पुतळा मिळाला नाही. रिकाम्या हाताने पलीकडच्या दारातून बाहेर आले. नापास. पुढच्या आठवड्यात पुन्हा.

गवतावर मास्क काढला आणि तशीच, सिलिंडर पाठीवर घेऊन, ऑफिसकडे धावले. बाबांना फोन करायचा होता, की बाहेर आले. दारापर्यंत पोचले, कारकूनबाईंनी फोन पुढे केला, आणि मग आठवलं.

तिथेच पायरीवर बसले. म्हणून तुला लिहिते. आले बाहेर.

भिंगरी